हौसेने पोहणाऱ्या मोठ्या माणसांना स्पर्धेत कसं उतरवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुमच्याकडे तीस ते सत्तर वयाचा छान ग्रुप आहे, सगळे नियमित येतात, काही जण न थांबता दीड किलोमीटर आरामात पोहतात, पण मास्टर्स स्पर्धेचं, म्हणजे मोठ्या वयाच्या पोहणाऱ्यांसाठी असलेल्या स्पर्धेचं, नाव काढलं की सगळे गप्प. नोटीस लावून झाली, मेसेज टाकून झाले, मेडल मिळेल असंही सांगून झालं, तरी एक नाव आलं नाही. मी कोच म्हणून बरीच वर्षं मोठ्या माणसांबरोबरच काम करतोय आणि हे चित्र मला अगदी ओळखीचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, नोटिशीने मोठी माणसं येत नाहीत. नोटीस वाचून प्रत्येकाला वाटतं की हे दुसऱ्या कुणासाठी तरी आहे, जो फास्ट आहे त्याच्यासाठी. आणि मेडलचं आमिष तर उलटं पडतं, कारण ज्याला आपण शेवटचे येऊ अशी धास्ती आहे त्याच्यापुढे तुम्ही मेडलचा विषय काढलात की ती धास्ती अजून पक्की होते. माझा अनुभव असा आहे की बहुतेकांची स्पर्धेला हरकत नसते, त्यांना तिथे नक्की काय होतं हे माहीत नसतं आणि ते माहीत नसताना चार लोकांसमोर पोहण्याच्या कपड्यात उभं राहायची तयारी नसते. त्यामुळे पटवणं वगैरे नंतर, आधी ते सगळं माहितीचं करून टाका, एकेक तुकडा करत, रोजच्या प्रॅक्टिसमध्येच.

लोक कारण विचारलं की "वेळ नाही" म्हणतात. ते खरं कारण क्वचित असतं. प्रॅक्टिस संपल्यावर एकेकट्याशी बोला, सगळ्यांसमोर विचारू नका, मग हळूहळू कळतं. कुणाला सूर मारता येत नाही आणि ते सांगायची लाज वाटते. कुणाला पोट सुटलंय म्हणून संकोच असतो. एखाद्याला शाळेत असताना स्पर्धेत सगळे हसले होते ते चाळीस वर्षांनीही आठवत असतं. आणि काही जणांना खरंच चढाओढ आवडत नाही, त्यांच्यासाठी पाणी ही शांतपणाची जागा आहे, त्यांना सोडून द्या, त्यांच्याबद्दल खाली लिहितोच. प्रत्येकाचं "नाही" वेगळं आहे त्यामुळे सगळ्यांना एकच भाषण देऊन उपयोग नाही.

"मी शेवटचा येईन" हे सगळ्यात मोठं कारण, आणि याचं उत्तर मास्टर्स स्पर्धेच्या रचनेतच आहे पण ते कुणी सांगतच नाही. वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स या पोहण्याच्या जागतिक संघटनेच्या नियमांप्रमाणे मास्टर्स वयाच्या 25 पासून सुरू होतं आणि गट पाच पाच वर्षांचे असतात, 25 ते 29, 30 ते 34 असे वर वर जात, त्याला वरची मर्यादा नाही. वय धरतात ते त्या वर्षाच्या 31 डिसेंबरला किती असेल ते. आता गंमत अशी की निकाल वयोगटाप्रमाणे लागतो पण बऱ्याच स्पर्धांत हीट, म्हणजे एका वेळी एकत्र पोहणाऱ्यांची तुकडी, लावतात ती टायमिंगप्रमाणे. म्हणजे फॉर्ममध्ये तुम्ही जो वेळ लिहिता त्यावरून साधारण तुमच्याच वेगाची माणसं तुमच्या शेजारच्या लेनमध्ये येतात, हळू हीट आधी आणि फास्ट हीट शेवटी, त्यामुळे 68 वर्षांच्या काकूंच्या शेजारी 34 वर्षांचा मुलगा पोहत असू शकतो आणि दोघं बरोबरीने भिंतीला हात लावू शकतात. फायनल वेगळी नसते, हीटमधला वेळ हाच निकाल. हे एकदा कागदावर लेन काढून समजावलं ना की समोरच्याचा चेहराच बदलतो. अट एकच, फॉर्ममध्ये खरा वेळ लिहायचा. लाजेखातर वीस सेकंद कमी लिहिले तर मग खरोखरच फास्ट हीटमध्ये एकटं मागे राहायची पाळी येते.

वयोगटाचा अजून एक परिणाम मला फार आवडतो. इतर सगळीकडे वय वाढणं म्हणजे तोटा, इथे नवीन गटात गेलं की तुम्ही त्या गटात सगळ्यात तरुण. आमच्याकडे माणसं साठावं वर्ष कधी लागतंय याची वाट बघतात!

आता नियमांबद्दल. हौसेने पोहणाऱ्याला वाटतं की नियम म्हणजे आपल्याला बाद करायला ठेवलेले सापळे. प्रत्यक्षात मास्टर्सचे नियम मोठ्या माणसांचा विचार करून बरेच सैल ठेवलेत. ब्लॉकवरून, म्हणजे लेनच्या टोकाला असलेल्या उंच चौथऱ्यावरून, सूर मारायची सक्ती नाही, पूलच्या कडेवरून उडी मारू शकता किंवा पाण्यातच एक हात भिंतीला लावून तिथूनच ढकलून सुरू करू शकता. हे एक वाक्य सांगितलं की सूर न येणाऱ्यांपैकी निम्मे लोक विचार करायला लागतात. फ्रीस्टाइलमध्ये कुठलाही स्ट्रोक चालतो, दमलात तर मध्येच पाठीवर वळून पोहू शकता. फ्रीस्टाइलमध्येच दम लागून तळाला पाय टेकवून उभे राहिलात तरी बाद होत नाही, फक्त तळावरून चालायचं नाही आणि लेनची दोरी धरून स्वतःला ओढायचं नाही. बटरफ्लायमध्ये मास्टर्सना ब्रेस्टस्ट्रोकची लाथ मारायला परवानगी आहे, ज्यांचे गुडघे आणि कंबर डॉल्फिन किकला, म्हणजे दोन्ही पाय जोडून मारायच्या लाथेला, तयार नाहीत त्यांना हे फार उपयोगी. तरी प्रत्येक स्पर्धेचं माहितीपत्रक नीट वाचा, लहान स्पर्धांमध्ये आयोजक स्वतःचे काही बारीक नियम लावतात.

बाद व्हायच्या जागाही आधीच सांगून ठेवा म्हणजे भीती राहत नाही. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये टर्नला, म्हणजे भिंतीपाशी वळताना, आणि शेवटी दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत, हौशी लोक इथेच सगळ्यात जास्त चुकतात कारण रोज एका हाताने भिंत धरून वळायची सवय असते. बॅकस्ट्रोक पाठीवरच संपवायचा, भिंत बघायला पालथं झालात तर गेलं. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये एक जरी फ्रीस्टाइलसारखी लाथ बसली तरी बाद. या तीन गोष्टी महिनाभर प्रॅक्टिसमध्ये सहज लावून घेतल्या, स्पर्धेचं नाव न काढता, तर हात आपोआप लागतो.

मग प्रॅक्टिसमध्ये काय करायचं. महिन्यातून एक दिवस टायमिंगचा ठेवा, पण त्याला टेस्ट म्हणू नका, टेस्ट म्हटलं की त्या दिवशी अर्ध्या लोकांना नेमकं काम निघतं. त्या दिवशी सगळं खऱ्यासारखं करा. आधी छोट्या छोट्या शिट्ट्या म्हणजे तयार व्हा, मग एक लांब शिट्टी म्हणजे ब्लॉकवर चढा, बॅकस्ट्रोक असेल तर पाण्यात उतरा आणि दुसऱ्या लांब शिट्टीला भिंत धरा, मग "टेक युवर मार्क" आणि मग आवाज. हा क्रम कानात बसला की स्पर्धेच्या दिवशी निम्मी धाकधूक तिथेच कमी होते. वेळ प्रत्येकाला वेगळा सांगा, मोठ्याने वाचून दाखवू नका, आणि एक वही ठेवा ज्यात प्रत्येकाचं स्वतःचंच मागच्या महिन्याचं आणि या महिन्याचं टायमिंग शेजारी शेजारी असेल.

याच्याबरोबर एक खेळ घ्या, माझ्या मते मोठ्यांना स्पर्धेची गोडी लावायला याच्यासारखं दुसरं काही नाही. प्रत्येकाने पोहायच्या आधी आपला 100 मीटरचा वेळ किती येईल ते सांगायचं, हातातली घड्याळं काढून ठेवायची, आणि पोहल्यावर ज्याचा अंदाज सगळ्यात जवळचा तो जिंकला. यात सगळ्यात फास्ट माणूस हमखास हरतो कारण तो फुशारकीत कमी सांगतो, आणि तीन मिनिटं लागणाऱ्या एखाद्या ताई एका सेकंदाच्या फरकाने जिंकतात. लोक हसतात, परत एकदा करू म्हणतात, आणि नकळत त्यांना घड्याळाची सवय होते, सगळे बघत असताना पोहायची सवय होते आणि स्वतःचा वेग ओळखायची सवय होते. स्पर्धेला लागतं ते यापेक्षा फार वेगळं नसतं. काही महिने हे केलं की कुणीतरी स्वतःहूनच विचारतं की माझं हे टायमिंग माझ्या वयोगटात कुठे बसतं. तो क्षण आला की फॉर्म द्या.

आणि पहिला फॉर्म रिलेचा द्या. एकट्याला नाही म्हणणं सोपं असतं, पण "चौथा माणूस नाही म्हणून आपली टीमच होत नाहीये" याला नाही म्हणणं कठीण जातं आणि यात फसवणूक काही नाही कारण खरंच चौथा माणूस लागतो. मास्टर्सच्या रिलेत चौघांच्या वयाची बेरीज करून गट ठरतो, 100 ते 119, 120 ते 159, 160 ते 199, 200 ते 239 असे पुढे चाळीस चाळीसचे गट. म्हणजे तिघांची बेरीज 130 होत असेल आणि चौथे आजोबा 71 वर्षांचे असतील तर टीम 201 होऊन 200 च्या, म्हणजे जास्त वयाच्या टीमच्या, गटात जाते. जो माणूस मी तुम्हाला मागे खेचेन म्हणत होता तोच टीमला सगळ्यात उपयोगाचा ठरतो, हे त्यांना बेरीज करून दाखवा. मिक्स रिलेत दोन पुरुष दोन स्त्रिया असतात, त्यामुळे नवरा बायको, बाप लेक असेही एकत्र उतरतात. एकच काळजी घ्या, पाण्यातला जोडीदार भिंतीला लागायच्या आत पुढच्याचे पाय ब्लॉकवरून सुटले तर पूर्ण टीम बाद होते, म्हणून नवीन लोकांना सांगा की हात लागलेला डोळ्याने बघूनच उडी मारा, अर्धा सेकंद गेला तर जाऊदे.

वैयक्तिक प्रकारात पहिली शर्यत कुठली निवडावी याबद्दल माझं मत इतरांपेक्षा थोडं वेगळं आहे. बहुतेक जण सांगतात 50 मीटर फ्रीस्टाइल घ्या, छोटी आहे, पटकन संपते. पण जो माणूस वर्षानुवर्षं एका संथ लयीत लांब पोहतोय त्याला 50 मीटर सगळ्यात अनोळखी असते, त्यात सूर, टर्न आणि एकदम जोर लावणं यावरच सगळं असतं, आणि नेमक्या याच तीन गोष्टी त्याने कधी केलेल्या नसतात. अशा माणसाला मी 200 किंवा 400 देतो. तिथे त्याची लय कामाला येते आणि सुरुवात जरा हळू झाली तरी काही बिघडत नाही. ज्यांना दम कमी पण अंगात चपळाई आहे त्यांनी 50 घ्यावी, ती त्यांचीच शर्यत. पहिल्या वेळी दोनपेक्षा जास्त प्रकार नकोत, आणि दोन्हीमध्ये पुरेसा वेळ मिळतोय का ते कार्यक्रमपत्रिकेत बघून घ्या.

200 आणि 400 ला एकच धोका, पहिले 50 मीटर. पहिले आठ दहा सेकंद शरीर साठवलेल्या ताकदीवर चालतं, काहीच दमल्यासारखं वाटत नाही, त्यात शेजारी माणसं, वरून आरडाओरडा, मग माणूस सुसाट सुटतो. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दहा टक्के वाढवला तर विरोध साधारण वीस टक्क्यांनी वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद जवळजवळ एक तृतीयांशने. त्याची वसुली तिसऱ्या लेंग्थपासून (लेंग्थ म्हणजे पूलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत) सुरू होते, हात जड, पाय खाली, श्वास पुरत नाही, आणि माणूस ठरवतो की स्पर्धा आपल्यासाठी नाहीच. हे टाळायला 50 मीटर आठ वेळा, मध्ये तीस सेकंद थांबून, आणि आठही वेळा शक्यतो तोच वेळ यायला हवा असा सेट आठवड्यातून एकदा द्या. पहिले दोन सगळ्यांना फार हळू वाटतात, सातव्या आठव्याला कळतं का ते. शर्यतीतही पहिलं चतुर्थांश अंतर "अरे मी फारच हळू चाललोय" असं वाटलं पाहिजे.

तब्येतीचं बोलायला संकोच करू नका. बीपी, हार्ट, दमा, गोळ्या चालू असतील तर जोरात पोहायच्या आधी डॉक्टरांना विचारून यायला सांगा, नेहमीचं आरामात पोहणं आणि शर्यतीचा जोर यात हृदयावरचा ताण फार वेगळा असतो. ज्यांनी वर्षानुवर्षं जोर लावलेला नाही त्यांचा जोर काही आठवड्यांत हळूहळू वाढवा, नाहीतर आधी खांदा बोलायला लागतो. आणि श्वास रोखून पाण्याखाली कोण जास्त लांब जातो असले खेळ अजिबात होऊ देऊ नका, विशेषतः आधी भरभर श्वास घेऊन. त्याने श्वास घ्यायची ऊर्मी दबते आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध पडू शकतो, कसलीही पूर्वसूचना न देता.

तरीही जे तयार नाहीत त्यांना एक दिवस नुसतं बघायला न्या, आणि त्याहून चांगलं म्हणजे टाइमकीपर म्हणून न्या, आयोजकांना स्टॉपवॉच धरायला माणसं कायमच कमी पडत असतात. लेनच्या टोकाला उभं राहिल्यावर त्यांना जवळून दिसतं की किती वेगवेगळ्या अंगाची, वयाची, वेगाची माणसं येतात, कुणाच्या गुडघ्याला पट्टा, कुणी पाण्यातूनच सुरू करतंय, कुणी सगळी शर्यत ब्रेस्टस्ट्रोकने काढतंय, आणि शेवटच्या माणसाने हात लावल्यावर सगळ्यात जास्त टाळ्या पडतात. एक सकाळ स्टॉपवॉच धरलेल्यांपैकी बरेच जण पुढच्या वेळी पाण्यात असतात. संकोच कपड्यांचा असेल तर बायकांना खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचा आणि पुरुषांना कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा कॉस्च्युम नियमात बसतो, त्याहून जास्त झाकायचं असेल तर आयोजकांना आधीच विचारून घ्या. ब्लॉकपर्यंत टॉवेल गुंडाळून जाता येतं, आपलं नाव पुकारेपर्यंत कुणी तुमच्याकडे बघत नसतं, सगळे आपापल्या हीटच्या काळजीत असतात.

त्या दिवशीच्या बारीकसारीक गोष्टी तुम्ही सांभाळा म्हणजे त्यांना फक्त पोहायचं काम राहील. एक न पोहणारा माणूस फक्त हाका मारायला ठेवा, कुणाची हीट कितवी, लेन कुठली, ते मार्करने प्रत्येकाच्या हातावर लिहून टाका. वॉर्मअपला गर्दी असते, लेनमध्ये पायाने उतरायचं, सूर मारायचा नाही, सूर मारायला वेगळी लेन ठेवलेली असते. गॉगलचा पट्टा टोपीच्या आतून घ्यायचा म्हणजे उडी मारल्यावर निसटत नाही, आणि नवा कोरा गॉगल त्या दिवशी पहिल्यांदा घालायचा नाही. पोहून झाल्यावर घाईने बाहेर यायचं नाही, आपल्या लेनमध्येच थांबायचं, बाकीचे संपवेपर्यंत. परत येताना कितवा नंबर आला विचारू नका, "तिसरी लेंग्थ कशी गेली", "टर्नला काय झालं" असं विचारा. मग माणूस सांगायला लागतो, आणि सांगता सांगता पुढच्या वेळी काय वेगळं करेन तेही तोच बोलून जातो.

"आता या वयात कशाला" म्हणणाऱ्यांना ऑलिम्पिकवाल्यांची उदाहरणं देऊ नका, ती त्यांना आपली वाटत नाहीत. मिएको नागाओका यांचं सांगा. जपानच्या या आजी गुडघ्याच्या दुखण्यासाठी ऐंशीच्या घरात असताना पोहायला लागल्या आणि 2015 मध्ये, वयाच्या 100 व्या वर्षी, 25 मीटरच्या पूलमध्ये 1500 मीटर पूर्ण पोहल्या, तेही सगळं बॅकस्ट्रोकने, 1 तास 15 मिनिटं 54 सेकंदांत. म्हणजे 25 मीटरला साधारण सव्वा मिनिट. तुमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाचा वेग याच्यापेक्षा जास्त असेल! आणि हेही सांगा की मास्टर्स स्पर्धा मुळात सुरूच झाल्या त्या तब्येतीसाठी. अमेरिकन नौदलातले डॉक्टर रॅन्सम आर्थर यांचं म्हणणं होतं की मोठ्या माणसांना नियमित व्यायामाला काहीतरी ध्येय पाहिजे, आणि त्यातून 1970 मध्ये टेक्सासमधल्या अमॅरिलोला पहिली राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा झाली. मी हे दरवर्षी बघतो, तारीख समोर असली की कंटाळ्याच्या दिवसातही माणसं प्रॅक्टिसला येतात.

आता ज्यांना चढाओढ नकोच आहे त्यांच्याबद्दल. त्यांना एकदा विचारा, नाही म्हणाले तर सहा महिने परत विषय काढू नका. त्यांची लेन, त्यांची वेळ, तुमचं त्यांच्याकडचं लक्ष यातलं काहीही कमी होता कामा नये. स्पर्धेला जाणाऱ्यांचा वेगळा कंपू झाला आणि बाकीचे दुय्यम ठरले तर दोन वर्षांत तुमचा ग्रुप मोडेल, मी असे ग्रुप मोडताना पाहिलेत आणि फार वाईट वाटतं. टायमिंगच्या दिवशी त्यांना स्टॉपवॉच द्या, अंदाजाच्या खेळात घ्या, तेवढं त्यांना आवडतं. आणि तुम्ही स्वतः पोहत असाल तर स्वतःचं नाव आधी घाला, कोच कडेला उभा राहून इतरांना उतरवतोय हे मोठ्या माणसांना लगेच दिसतं.

सुरुवातीला ग्रुपमधले तिघं निवडा, सगळ्यात फास्ट नकोत, सगळ्यांना आवडणारे हवेत, त्यांच्याशी एकेकट्याने बोला, चौथे तुम्ही. चौघांत 4 गुणिले 50 ची एक फ्रीस्टाइल रिले होते, पुढची स्पर्धा साधारण तीन महिन्यांनंतरची बघा, आणि फॉर्मची शेवटची तारीख आत्ताच वहीत लिहून ठेवा, कारण बहुतेक फॉर्म राहतात ते भीतीने नाही तर तारीख निघून गेल्याने.